मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकांना आणि संपादकांना खुलं पत्र: मोर्चात गेलेल्या मुलांच्या कादंबऱ्या छापा

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात मी मुलांसाठी एक लहानसं मोफत वाचनालय चालवते. देणगीचे जे पैसे जमतात त्यातून पुस्तकं घ्यायची असतात, त्यामुळे तुमच्या याद्या मी बारकाईनं वाचते आणि ग्रंथप्रदर्शनात तुमच्या टेबलांपाशी बराच वेळ रेंगाळते. या पत्रात माझं एकच मागणं आहे. आजूबाजूला काही चुकीचं चाललेलं दिसल्यावर एकत्र येऊन ते बदलायला निघालेल्या मुलांच्या कादंबऱ्या मराठीत छापा. थोरांची चरित्रं आमच्याकडे पुष्कळ आहेत, बोधकथाही आहेत. मला हव्यात दीडशे-दोनशे पानांच्या, सावकाश उलगडणाऱ्या, मुलाला आठवडाभर पुरणाऱ्या कादंबऱ्या.

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडीची शाळा बंद झाली. भाम धरणापायी उठावं लागलेल्या लोकांची ही वस्ती. तिथली मुलं पालकांना घेऊन थेट नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली आणि म्हणाली, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ शाळाच नसेल तर दप्तराचं काय करायचं, निदान बकऱ्या तरी वळू. वर्तमानपत्रांत बातमी आली, फोटो आला, दोन दिवस चर्चा झाली आणि सगळे पुढच्या बातमीकडे वळले.

मी मात्र त्या बातमीपाशी अडकून राहिले. बकऱ्या मागायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? आदल्या रात्री कुठल्या घरात ‘तू जायचं नाही’ म्हणून भांडण झालं असेल? रोजगार बुडवून पोरांबरोबर जायचं की नाही, हे बापानं कसं ठरवलं असेल? त्या मुलांवर जीव असलेला, पण सरकारी नोकरीत असलेला एखादा शिक्षक त्या दिवशी काय करत असेल? भल्या मोठ्या इमारतीत शिरताना सगळ्यात लहान मुलानं कोणाचा हात धरला असेल? बातमीला यातलं काही लागत नाही. कादंबरीला सगळंच लागतं. एवढी तयार गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली आणि ती दहा-बारा वर्षांच्या वाचकाच्या हातात आपण ठेवली नाही, याची मला खंत आहे.

आमच्या कपाटात सगळ्यात जास्त फाटलेली पुस्तकं कोणाची म्हणाल तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल, त्याचं ते ‘ट्टॉक्’. मुलं त्याच्यावर जीव टाकतात आणि टाकायलाच हवा. धाडस करणारं मूल मराठीत त्यानं कायमचं आणून बसवलं. पण त्या जगात चोर पकडला गेला की सगळं पुन्हा जागच्या जागी येतं. ज्याला कोणी चोरी म्हणतच नाही, जे कायद्यानं किंवा रूढीनं आणि सगळ्या गावाच्या संमतीनं राजरोस चालतं, त्याच्यापुढे उभं राहायचं धाडस निराळं असतं. तिथे पकडायला चोर नसतो. समोर आपलाच चुलता असतो, आपल्याच वर्गाच्या बाई असतात, रोज गोळ्या-बिस्किटं देणारा दुकानदार असतो. आमच्या मुलांना आयुष्यात गाठ घालावी लागते ती याच माणसांशी.

दुसरं मूल आपल्याकडे दिसतं ते हुतात्म्याच्या रूपात. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२ची मिरवणूक, हातातला झेंडा, ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ ही गुजराती घोषणा, मग गोळीबार. सोळावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो गेला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामही गेले. शाळेतल्या भाषणांत ही गोष्ट मुलं दर वर्षी पाठ म्हणतात आणि ती नेहमी गोळीपाशी संपते. मला त्या आधीचा महिना वाचायचा आहे. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत नेत्यांना अटक झाली. तिथपासून ९ सप्टेंबरपर्यंत त्या पोरांनी काय केलं? घरात गुजराती, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी अशा व्यापारी गावात ही पोरं कुठे जमत होती, पत्रकं कोण लिहीत होतं, कोणाच्या आईला आधीच कुणकुण लागली होती? आणि जी मुलं मिरवणुकीत होती पण वाचली, त्यांचं दुसऱ्या दिवशी काय झालं? शाळेच्या बाकावर शेजारची जागा रिकामी घेऊन त्यातला एखादा कसा बसला असेल? हे सगळं कल्पनेनंच लिहावं लागेल, आणि लेखक असतो तो त्यासाठीच. नुसत्या बलिदानाच्या गोष्टीतून मूल शिकतं की धैर्य म्हणजे मरणं. जगून, रोज थोडं थोडं करत राहणं हे त्याला कोणी दाखवत नाही.

तिसरा आपला श्याम. ‘श्यामची आई’ १९३५ साली पुस्तकरूपानं आली आणि अजून घराघरात आहे. त्यात मोळी उचलून देण्याचा प्रसंग आहे. दलित म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडलेली, आणि शिवाशिवीपायी हात लावायला कोणी तयार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. आमच्या वाचनालयात हे प्रकरण मोठ्यानं वाचलं की कोणीतरी विचारतंच, ‘ताई, मग आंघोळ कशाला?’ मी त्यांना सांगते की, हे लिहिणारे साने गुरुजी १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडले आणि सेवा दलाची तरुण मुलं गाणी म्हणत, नाटुकली करत त्यांच्यासोबत होती. म्हणजे लिहिणारा माणूस त्या आंघोळीपासून पंढरपूरपर्यंत चालत गेला. आपलं बालसाहित्य अजून मोळीपाशीच उभं आहे. त्या दौऱ्यात गाणं म्हणणारी एखादी चौदा वर्षांची मुलगी नायिका करून कादंबरी लिहायची म्हटली तर वाटेतल्या गावागावात प्रसंग सापडतील. कुठे फुलं, कुठे दगड, कुठे जेवायला वेगळी पंगत.

आणि आणखी मागे जायचं तर मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदा-पंधरा वर्षांची मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या धर्माचा एकानंच अनुभव घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहायचं, तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असं लिहायची हिंमत या पोरीनं केली. तिच्यावर लेख झाले, व्याख्यानं झाली, सावित्रीबाईंच्या चरित्रात तिच्या वाट्याला एक परिच्छेद येतो. निबंध लिहायला बसलेली मुक्ता, खोडाखोड करणारी, शब्द अडला म्हणून वैतागणारी, हा मजकूर छापून आल्यावर आपल्या आळीतली माणसं काय म्हणतील म्हणून झोप उडालेली मुक्ता मात्र मुलांच्या हातात आलेली नाही. मला वाटतं, दीडशे पानांच्या कादंबरीला याहून मोठी नायिका महाराष्ट्रात शोधूनही मिळणार नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्ही जरा मनावर घ्यावी. २०१७ साली अमेरिकेत ‘अहिंसा’ नावाची मुलांची कादंबरी इंग्रजीत आली. लेखिका सुप्रिया केळकर. तिची पणजी अनसूयाबाई काळे. याच त्या नागपूरच्या अनसूयाबाई, ज्यांनी १९४२च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून रान उठवलं आणि पुढे ज्या नागपूरहून लोकसभेत गेल्या. पणजीच्या त्या कामातून प्रेरणा घेऊन पणतीनं १९४२च्या काळातली अंजली नावाची दहा वर्षांची मुलगी उभी केली. अंजलीची आई चळवळीत उतरते, घरातले आवडते परदेशी कपडे होळीत जातात, आणि मुलीला याचा आधी अभिमान नाही, राग येतो.

मी ही कादंबरी आमच्या मुलांना समोर धरून, जमेल तसं मराठी करत वाचून दाखवली. मुलं कुठे गप्प झाली ते सांगते. संडास साफ करणाऱ्या कुटुंबातला मोहन अंजलीला सुनावतो की तुम्ही आम्हाला हरिजन म्हणता ते आम्हाला नको आहे. अंजलीला वाटत असतं की आपण आता चांगल्या बाजूला आलो, आपलं चुकणार नाही. तिथे तिचा चेहरा पडतो. आमच्यातली सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे ज्याचं आहे त्याला विचारायला पाहिजे होतं आधी.’ ती एरवी फारशी बोलत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात नव्हतं आणि पुस्तकातही या शब्दांत नाही. गोष्ट पुरेशी लांब होती, अंजली चुकत होती, तिची आई घाबरत होती, म्हणून ते वाक्य त्या मुलीचं तिला सापडलं. चळवळीतल्या पोराला कधी चुकूच न देणाऱ्या गोष्टींतून असं काही हाती लागत नाही.

नागपूरच्या बाईची गोष्ट अमेरिकेतल्या मुलांपर्यंत आधी पोचली याचं मला वाईट वाटत नाही, पणतीचा तो हक्कच आहे. पण अनसूयाबाईंसारख्या किती आज्या-पणज्या आपल्याकडे आहेत! त्यांच्या घरातल्या मुलांची गोष्ट मराठीत लिहायला आपण कोणाची वाट पाहतोय?

तुमची अडचण काय असते ते मला थोडंफार ठाऊक आहे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकानं अशी कादंबरी लिहिली. वस्तीत पाण्याची टाकी बांधली आहे, नळही आहेत, पण पाणी गावातल्या एकाच बाजूला जातं. वस्तीतली मुलं मोजदाद करतात, कुठल्या नळाला किती वेळ पाणी येतं याची वही ठेवतात आणि ग्रामसभेत उभी राहून ती वही वाचून दाखवतात. प्रकाशकाकडून हस्तलिखित परत आलं ते तीन सूचनांसह. आडनावं काढून टाका. सरपंच शेवटी सुधारलेला दाखवा. आणि ग्रामसभेत मुलांनी बोलण्याऐवजी मुख्याध्यापकांनी बोलावं, ते बरं दिसेल. त्या शिक्षकानं हस्तलिखित पुन्हा कपाटात ठेवून दिलं.

या तिन्ही सूचना भीतीपोटीच आल्या असणार आणि ती भीती खोटी नाही. शाळा खरेदी करणार नाहीत, कोणीतरी तक्रार करेल, आवृत्ती गोदामात पडून राहील, कागदाचे पैसे अंगावर येतील. छोट्या प्रकाशकाला एक आवृत्ती बुडणं परवडत नाही हे मी जवळून पाहिलं आहे. पण जरा त्या सूचना पाळून झालेली कादंबरी डोळ्यांपुढे आणा. आडनावं गेली म्हणजे पाणी एकाच बाजूला का जातं याचं कारण गेलं. सरपंच सुधारला म्हणजे मुलांनी काही केलंच नाही, त्याला आपोआप पाझर फुटला. आणि मुख्याध्यापक बोलले म्हणजे वही लिहिणारी मुलं टाळ्या वाजवायला उरली. आमचे वाचक ही लबाडी लगेच ओळखतात. अशी पुस्तकं ते दोन दिवसांत परत आणून देतात आणि पुन्हा त्यांना हात लावत नाहीत.

काही पालक मला विचारतात की मुलांच्या डोक्यात हे आंदोलन वगैरे कशाला भरवायचं. हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. मोठ्यांनी आपली भांडणं मुलांच्या तोंडून वदवली तर ते वाईटच. अशा कादंबऱ्या जगात पुष्कळ निघतात, ज्यांत बारा वर्षांची मुलगी पत्रकातल्यासारखी वाक्यं बोलते आणि तिला ना कधी भूक लागते, ना मैत्रिणीचा हेवा वाटतो. असल्या कादंबऱ्या छापू नका, मी स्वतः त्या विकत घेणार नाही. पण दरेवाडीच्या मुलांच्या डोक्यात कुठल्या पुस्तकानं काही भरवलं नव्हतं. त्यांची शाळा गेली होती. मुलांपुढे हे प्रसंग येतातच, पुस्तक असो वा नसो. पुस्तक हाताशी असेल तर एवढंच होतं की आपल्यासारखं आणखी कोणी होतं आणि त्यांनी काय काय करून पाहिलं हे कळतं.

शेवट गोड करा हा आग्रहही सोडा, ही माझी कळकळीची विनंती. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईत आरे कॉलनीत रातोरात झाडं पडायला लागली तेव्हा जी तरुण मुलं तिथे धावली त्यांतल्या काहींना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्यानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबरला आणखी झाडं तोडू नका म्हणून सांगितलं. पण तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडून गेली होती. आता ही जिंकल्याची गोष्ट म्हणायची की हरल्याची? दोन्ही म्हणता येईल, आणि नेमकं त्यावर मुलं तासभर वाद घालतील. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचंच बघा. विधिमंडळाचा ठराव १९७८चा, नामविस्तार झाला १९९४ साली. ठरावाच्या वेळी पाचवीत असलेलं मूल तोवर स्वतः आई किंवा बाप झालं असेल, आणि मधल्या काळात मराठवाड्यात घरं जळली. इतका लांबणारा काळ कादंबरीलाच पेलतो. दहा पानांत त्याचा नुसता सनावळीचा तक्ता होतो.

मग करायचं काय, ते माझ्या परीनं सांगते. लेखकाला हिंडण्यासाठी, माणसांशी बोलण्यासाठी आगाऊ थोडे पैसे द्या. घरात बसून नंदुरबार किंवा दरेवाडी लिहिता येत नाही. संवादातली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी पुसून प्रमाण मराठी करू नका. आमची मुलं घरात तशीच बोलतात आणि पुस्तकात आपली बोली दिसली की पुस्तक जवळ ओढून घेतात. पानांची मर्यादा सैल करा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून चालू आहे. मासिकात क्रमशः छापून मग पुस्तक काढण्याची आपल्याकडची जुनी वाट आहे, ती अशा कादंबऱ्यांसाठी पुन्हा वापरता येईल. दुसऱ्या भारतीय भाषांतली आणि भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेली अशी पुस्तकं मराठीत आणा. सिद्धार्थ शर्मा यांच्या एका इंग्रजी कादंबरीत ओडिशातला कोरोक नावाचा गोंड मुलगा आहे. त्याच्या डोंगरातलं बॉक्साइट काढायला कंपनी येते. आमच्या गडचिरोलीतल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटणार नाही, आणि आपल्या जंगलावरचा हक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेबद्दल ज्यांनी घरात ऐकलं आहे त्यांना तर मुळीच नाही.

आणि लिहिणारे बदला, म्हणजे वाढवा. वस्तीशाळेत शिकवणारे, आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेले, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले आणि तरी पदवी मिळवलेले तरुण आता लिहायला लागले आहेत. कविता ते लिहितातच. त्यांच्याकडे जाऊन मुलांसाठी कादंबरी मागा. कोणी मागितलीच नाही, तर ‘आपल्याकडचं हे काय लिहायचं’ असंच त्यांना वाटत राहतं.

आमच्या बाजूनं मी एक गोष्ट देऊ शकते. अशा कादंबरीचं हस्तलिखित तुमच्याकडे आलं आणि छापावं की नाही अशी धाकधूक वाटली, तर छपाईआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स प्रती आमच्याकडे पाठवा. आमच्याकडची पाचवी ते नववीची मुलं ती वाचतील आणि कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं, कोणाचं वागणं पटलं नाही, हे लिहून कळवतील. पानं वेळेवर परत मिळतील, ती जबाबदारी माझी. पुस्तक छापलं गेलं तर आमच्या यंदाच्या खरेदीत पहिल्यांदा तेच घेऊ आणि तालुक्यातल्या इतर वाचनालयांनाही घ्यायला सांगू. त्या शिक्षकाच्या पाण्याच्या वहीची कादंबरी अजून त्यांच्या कपाटातच आहे. तुमच्यापैकी ज्याला ती आडनावांसकट, मुलांच्या तोंडच्या वाक्यांसकट वाचायची असेल त्यानं कळवावं, मी त्यांची गाठ घालून देते.

आपली,
तालुक्यातल्या एका बालवाचनालयाची कार्यकर्ती